बर्क, सारा

बर्क, सारा : (३ सप्टेंबर १९८२–१९ जानेवारी २०१२). कॅनडाची विख्यात मुक्तशैली स्कीपटू. बर्फात कोरलेल्या अर्धनलिकाकृती चरातून उंच उड्या व गिरक्या घेण्याच्या ‘हाफपाइप’ या क्रीडाप्रकारातील आद्य महिला खेळाडूंमध्ये तिची गणना होते. या प्रकारातील पहिले महिला जागतिक अजिंक्यपद तिने २००५ मध्ये मिळविले. ॲस्पेन येथील ‘विंटर एक्स गेम्स’ या साहसी क्रीडास्पर्धांत चार सुवर्णपदके जिंकली आणि हाफपाइप स्कीइंगला हिवाळी ऑलिंपिक क्रीडासामन्यांत स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले. ते स्थान २०११ मध्ये मिळाले. तथापि प्रत्यक्ष सामने भरण्यापूर्वी सु. दोन वर्षे, सरावातील अपघातानंतर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. स्पर्धेत उतरण्यापूर्वी स्पर्धेचा हक्कच मिळवावा लागणे आणि ज्या कौशल्यामुळे लौकिक लाभतो त्याच कौशल्यात जिवाचा धोका सामावलेला असणे, ही मुक्तशैली स्कीपटूच्या जीवनाची दोन्ही अंगे तिच्या चरित्रात स्पष्टपणे दिसून येतात.

पूर्वायुष्य : साराचा जन्म कॅनडाच्या ऑंटॅरिओ प्रांतातील बॅरी येथे झाला. तिचे बालपण त्याच प्रांतातील, जॉर्जियन उपसागराकाठच्या मिडलंड या लहानशा गावी गेले. हा भाग कडक हिवाळ्याचा व भरपूर हिमवृष्टीचा असला, तरी येथील टेकड्या पश्चिम कॅनडातील रॉकी किंवा कोस्ट पर्वतरांगांच्या मानाने ठेंगण्या आहेत. बॅरीजवळील हॉर्सशू येथील उतारांवर ती स्कीइंग करू लागली. आरंभी तिने ‘मोगल’ या प्रकाराचा अभ्यास केला. यात तीव्र उतारावर ओळीने असलेल्या बर्फाच्या उंचवट्यांमधून वेगाने वळणे घेत खाली यावयाचे असते व वाटेतील दोन ठिकाणी उड्या मारावयाच्या असतात. गुडघ्यांची लवचिकता, कंबरेवरील शरीर स्थिर ठेवण्याची सवय आणि उडीनंतर लगेच तोल सावरण्याची क्षमता यांचे शिक्षण या प्रकारात मिळते; पुढे हाफपाइपकडे वळलेल्या अनेक खेळाडूंचा पाया असाच तयार झाला होता. शालेय शिक्षणानंतर सारा पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेली आणि व्हँकूव्हर व व्हिस्लर यांच्या दरम्यान असलेल्या स्क्वामिश येथे स्थायिक झाली. २०१० मध्ये तिने रोरी बुशफील्ड या मुक्तशैली स्कीपटूशी विवाह केला.

मुक्तशैली स्कीइंगची पार्श्वभूमी : साराच्या कामगिरीचे महत्त्व समजण्यासाठी या क्रीडाप्रकाराचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पारंपरिक स्कीइंगमध्ये ठराविक मार्गावरून कमीत कमी वेळात खाली पोहोचणे किंवा उडी मारून अधिकाधिक अंतर कापणे याला महत्त्व असते. मुक्तशैलीत मात्र घड्याळापेक्षा कसरतीचे कौशल्य मोलाचे मानले जाते. नॉर्वेचा ऑलिंपिक विजेता स्टाइन एरिक्सन हा १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रेक्षकांसमोर स्कीवरून कोलांटी उडीची प्रात्यक्षिके करीत असे. १९६० नंतर तरुण स्कीपटूंनी अशा कसरतींचा एक स्वैर संप्रदायच निर्माण केला. त्याला ‘हॉट डॉग’ स्कीइंग असे नाव पडले. १९७१ मध्ये न्यू हँपशर राज्यातील वॉटरव्हिल व्हॅली येथे या प्रकाराची मोठी स्पर्धा भरविण्यात आली आणि लवकरच बक्षिसांच्या मोठ्या रकमा असलेल्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या.

या स्पर्धांना प्रेक्षक लाभले, पण नियम व प्रशिक्षण यांची व्यवस्था नव्हती. काही स्कीपटूंना मणक्याच्या दुखापतींमुळे कायमचे अपंगत्व आले आणि त्यामुळे अमेरिकेत डोके खाली करून घ्यावयाच्या उड्यांवर काही काळ बंदी घालण्यात आली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९७९ मध्ये मुक्तशैलीस मान्यता दिली. ती देताना उड्यांचे तंत्र व खेळाडूंची पात्रता यांविषयी नियम करण्यात आले. अशा रीतीने या क्रीडाप्रकाराला अधिकृत मान्यता मिळणे आणि त्यातील धोक्याचे नियमन होणे या दोन गोष्टी प्रारंभापासून परस्परांशी निगडित होत्या. १९८० पासून विश्वचषक स्पर्धा व १९८६ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समधील तीन्य येथे झाली. कॅल्गारी येथील १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत मोगल, हवाई कसरती व स्की-नृत्य हे तीन प्रकार प्रात्यक्षिकादाखल दाखविण्यात आले. त्यांपैकी मोगलला १९९२ मध्ये व हवाई कसरतींना १९९४ मध्ये पदकाचा दर्जा मिळाला. स्की-नृत्याला तो कधीच मिळाला नाही व कालांतराने तो प्रकार स्पर्धांतून नाहीसा झाला.

नियमबद्धतेचा एक परिणाम असा झाला, की १९९० नंतरच्या पिढीतील अनेक स्कीपटूंना अधिकृत मुक्तशैलीच साचेबंद वाटू लागली. त्याच सुमारास हिमफळीवरून, म्हणजे स्नोबोर्डवरून, हाफपाइपमध्ये कसरती करणाऱ्यांना मोठी लोकप्रियता लाभली होती व १९९८ च्या नागानो ऑलिंपिक सामन्यांत त्यांचा समावेशही झाला होता. कॅनडातील माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेर, जे. एफ. क्यूसाँ, व्हिन्सेंट डोरियाँ इ. स्कीपटूंनी त्याच चरांत स्की घेऊन उतरण्यास आरंभ केला. ते ‘न्यू कॅनेडियन एअर फोर्स’ या नावाने ओळखले जात. नेहमीच्या स्कीचे केवळ पुढचे टोक वर वळलेले असे. त्यामुळे पाठमोरे उतरताना मागचे टोक बर्फात रुतत असे. या खेळाडूंच्या सहकार्याने सालोमाँ या कंपनीने १९९८ मध्ये दोन्ही टोके वर वळलेली ‘टेन एटी’ नावाची स्की बाजारात आणली. दोन्ही टोके वळलेल्या स्की यापूर्वीही झाल्या होत्या. परंतु नव्या स्कीमुळे पाठमोरे चढणे व उतरणे सर्वसामान्य झाले. तिचे नाव १०८० अंशांच्या, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांच्या, गिरकीवरून ठेवलेले होते. त्या वर्षी सारा सोळा वर्षांची झाली.

हाफपाइपची रचना व तंत्र : हाफपाइप म्हणजे उतारावर लांबीच्या दिशेने कोरलेला, इंग्रजी ‘यू’ या अक्षरासारखा छेद असलेला बर्फाचा चर होय. वक्र बाहू बसविलेल्या खास यंत्राने त्याच्या भिंती कापून गुळगुळीत करतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीच्या चराच्या भिंती सु. ६.७ मी. (२२ फुट) उंच असतात; चराची रुंदी साधारणतः २० मी. व लांबी १५० मी. किंवा त्याहून अधिक असते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भिंतींची उंची सु. ५.५ मी. असे, ती दशकाच्या अखेरीस वाढली. स्कीपटू एका भिंतीवरून वेगाने वर चढतो, काठावरून हवेत उडतो, तेथे गिरकी घेऊन त्याच भिंतीच्या वरच्या उभ्या भागावर उतरतो आणि चराचा तळ ओलांडून समोरच्या भिंतीवर जातो. एका फेरीत अशा पाच-सहा उड्या होतात.

काठाच्या वर ४ मी. उंची गाठणारा खेळाडू हवेत सु. १.८ सेकंद राहतो. एवढ्या अल्पावधीत त्याला गिरकी पूर्ण करावयाची, हाताने स्कीची पकड घ्यावयाची, ती सोडावयाची व उतरण्याची जागा दृष्टीने टिपावयाची असते. गिरकीची सर्व गती काठ सोडण्यापूर्वीच मिळवावी लागते. एकदा हवेत गेल्यावर ती बाहेरून वाढविता येत नाही. अंग आवळून घेतल्यास फिरण्याचा वेग वाढतो व हातपाय पसरल्यास तो कमी होतो, एवढेच नियंत्रण खेळाडूच्या हाती उरते. गिरकीचे नाव तिच्या अंशांवरून पडते. पुढे तोंड करून चढलेला खेळाडू ५४० किंवा ९०० अंशांच्या गिरकीनंतर पुन्हा पुढे तोंड करून उतरतो. ७२० किंवा १०८० अंशांनंतर मात्र त्याला पाठमोरे उतरावे लागते. त्यामुळे नंतरच्या दोन गिरक्या तोलाच्या दृष्टीने वेगळे कसब मागतात.

काठाच्या ४ मी. वरून चराच्या तळापर्यंतचे अंतर जवळजवळ ११ मी., म्हणजे तीन मजली इमारतीच्या उंचीइतके भरते. भिंतीच्या उभ्या भागावर उतरल्यास पडण्याचा वेग भिंतीलगतच्या वेगात क्रमाक्रमाने परिणत होतो व शरीराला फारसा धक्का बसत नाही. उडी थोडी आत पडून खेळाडू चराच्या सपाट तळावर आदळल्यास हाच वेग, घर्षण व हवेचा रोध वगळता, ताशी ५० किमी.हून अधिक भरतो आणि तो एका क्षणात नाहीसा होतो. उडी बाहेरच्या बाजूस गेल्यास काठाच्या कठीण बर्फावर आदळण्याचा धोका असतो. निर्दोष उडी व गंभीर अपघात यांमधील अंतर अशा रीतीने काही सेंटिमीटरांचे असते.

परीक्षक उडीची उंची, गिरकीची काठिण्यपातळी, कसरतींतील विविधता व सफाई यांचा एकत्रित विचार करून शंभरपैकी गुण देतात आणि सामान्यतः खेळाडूच्या फेऱ्यांपैकी सर्वोत्तम फेरी ग्राह्य धरली जाते. एखादी फेरी फसली तरी दुसरी शिल्लक असते. म्हणून खेळाडू अधिकाधिक अवघड कसरतीचा प्रयत्न करण्यास प्रवृत्त होतो. या क्रीडाप्रकाराची झपाट्याने झालेली प्रगती आणि त्यातील दुखापतींचे प्रमाण या दोहोंच्या मुळाशी ही पद्धती काही अंशी आहे.

स्पर्धेच्या हक्कासाठी प्रयत्न : सारा हाफपाइपकडे वळली तेव्हा महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा क्वचितच भरत. एक्स गेम्समध्ये हाफपाइप स्कीइंगच्या स्पर्धा होत, पण त्या पुरुषांपुरत्या मर्यादित होत्या. महिला खेळाडूंची संख्या अपुरी असल्याने त्यांची स्पर्धा घेणे शक्य नाही, असे कारण त्या काळी सांगितले जाई. दुसऱ्या बाजूने पाहता, स्पर्धा नसल्यामुळे मुलींना पुरस्कर्ते व प्रशिक्षक मिळत नसत आणि त्यामुळे संख्याही वाढत नसे. हे चक्र कोठे तरी तोडणे आवश्यक होते.

साराने त्यासाठी अवलंबिलेला मार्ग साधा होता. पुरुषांच्या स्पर्धांच्या ठिकाणी ती स्वतः स्की घेऊन हजर होई आणि आयोजकांनी अनुमती दिल्यास त्याच चरात उतरून दाखवी. आयोजकांशी ती सातत्याने बोलत राहिली आणि महिलांसाठी वेगळा गट ठेवण्याची विनंती करीत राहिली. २००१ च्या अमेरिकन खुल्या फ्रीस्कीइंग स्पर्धेत तिने हाफपाइपमध्ये प्रथम क्रमांक मिळविला. २००५ मध्ये एक्स गेम्सच्या आयोजकांनी महिलांच्या हाफपाइप स्कीइंगला आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. या निर्णयामागे साराच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता, असे तिच्या समकालीन खेळाडूंनी वेळोवेळी नमूद केले आहे.

नव्या खेळाडू तयार करण्याकडेही तिने लक्ष दिले. व्हिस्लरनजीकच्या ब्लॅककोंब पर्वतावरील हिमनदीवर उन्हाळ्यातही बर्फ असल्याने तेथे प्रशिक्षण शिबिरे भरत. त्यांत तिने मुलींना शिकविले. स्पर्धा मिळाली तरी तीत उतरणाऱ्या मुली नसतील, तर मिळालेले स्थान टिकणार नाही, याची जाणीव या कार्यामागे होती.

स्पर्धा-कारकीर्द : फिनलंडमधील रूका येथे २००५ मध्ये भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत हाफपाइपचा प्रथमच समावेश झाला. त्यात महिला गटाचे सुवर्णपदक साराने पटकाविले. कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन येथे दरवर्षी भरणाऱ्या एक्स गेम्समध्ये तिने २००७, २००८, २००९ व २०११ या वर्षी ‘सुपरपाइप’ प्रकारात सुवर्णपदके जिंकली. महिलांच्या स्पर्धांत ७२०, ९०० व १०८० अंशांच्या गिरक्या यशस्वीपणे पार पाडणारी पहिली खेळाडू म्हणून तिचा उल्लेख केला जातो. २००७ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट साहसी महिला क्रीडापटूचा ‘एस्पी’ पुरस्कार मिळाला.

हाफपाइपखेरीज तिने ‘स्लोपस्टाइल’ या प्रकारातही भाग घेतला. यात उतारावर ठेवलेल्या लोखंडी कठड्यांवरून घसरत व बर्फाच्या मोठ्या उंचवट्यांवरून उड्या घेत खाली यावयाचे असते. २००९ च्या एक्स गेम्समध्ये याच प्रकारात उडीनंतर अयोग्य रीतीने उतरल्याने तिच्या पाठीचा मणका मोडला. उपचार व विश्रांतीनंतर ती स्पर्धांकडे परतली आणि २०११ मध्ये पुन्हा विजेती ठरली.

जीवनक्रम व उपजीविका : मुक्तशैली स्कीपटूचे वर्ष हिवाळ्यापुरते मर्यादित नसते. उन्हाळ्यात हिमनद्यांवर किंवा दक्षिण गोलार्धात बर्फ शोधावा लागतो. नवी गिरकी प्रथम ट्रँपोलीनवर, नंतर फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात किंवा हवा भरलेल्या मोठ्या गादीवर शिकतात. कित्येक शेकडा आवृत्तींनंतर ती बर्फावर आणली जाते. तथापि मऊ पृष्ठावरील सरावाने हवेतील हालचाल पक्की होत असली, तरी कठीण बर्फावर उतरण्याचा अनुभव केवळ बर्फावरच मिळतो. गुडघ्यांतील अस्थिबंध तुटणे, खांदा निखळणे, मनगट वा बरगड्या मोडणे या दुखापती बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला येतात आणि एखादा संपूर्ण हंगाम शस्त्रक्रिया व व्यायामोपचार यांत जाणे ही असामान्य गोष्ट मानली जात नाही.

ऑलिंपिक कार्यक्रमात नसलेल्या प्रकारांना शासकीय साहाय्य तुटपुंजे मिळते. त्यामुळे खेळाडूची उपजीविका मुख्यतः स्की, कपडे, पेये इ. वस्तूंच्या उत्पादकांच्या पुरस्कारावर, बक्षिसांवर, स्की-चित्रपटांतील सहभागावर आणि प्रशिक्षणावर अवलंबून असते. साराने ही चारही कामे केली. पुरस्कर्त्यांनी योजलेले सराव व प्रात्यक्षिके हा अशा खेळाडूच्या व्यवसायाचाच भाग असतो. राष्ट्रीय संघटनेच्या संघाबरोबरचा सराव व पुरस्कर्त्याने योजलेला सराव यांत खेळाडूच्या दृष्टीने फरक जाणवत नाही. विमा व उत्तरदायित्व यांच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा असतो.

ऑलिंपिक मान्यता : २०१० चे हिवाळी ऑलिंपिक सामने व्हँकूव्हर येथे झाले व त्यांतील काही स्पर्धा व्हिस्लर येथे घेण्यात आल्या. ही दोन्ही ठिकाणे साराच्या निवासस्थानापासून एकाच महामार्गावर, दोन दिशांना, अल्प अंतरावर होती. या सामन्यांत मुक्तशैलीतील स्की-क्रॉस हा शर्यतीचा प्रकार नव्याने समाविष्ट करण्यात आला. हाफपाइप स्कीइंगला मात्र स्थान मिळाले नाही. आपल्या क्रीडाप्रकारातील अग्रगण्य खेळाडू असूनही सारा स्वदेशातील ऑलिंपिक सामन्यांपासून वंचित राहिली.

हाफपाइपच्या समावेशासाठी ती आणि तिचे सहकारी प्रयत्न करीतच होते. स्नोबोर्डच्या स्पर्धांसाठी ऑलिंपिकमध्ये असा चर बांधावाच लागतो. तोच स्कीपटूंनाही वापरता येईल व नव्या बांधकामाची गरज पडणार नाही, ही बाब त्यांच्या मागणीस अनुकूल होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ६ एप्रिल २०११ रोजी सोची येथील २०१४ च्या सामन्यांसाठी पुरुष व महिला या दोन्ही गटांतील हाफपाइप स्कीइंगला मान्यता दिली. महिलांच्या स्की-उडीलाही त्याच दिवशी मान्यता मिळाली. स्लोपस्टाइलचा समावेश त्याच वर्षी जुलैमध्ये झाला. त्या वर्षीच्या एक्स गेम्समधील सुवर्णपदक विजेती म्हणून सोची येथे साराकडून पदकाची अपेक्षा केली जात होती.

अपघात व मृत्यू : १० जानेवारी २०१२ रोजी सारा अमेरिकेतील यूटा राज्यातील पार्क सिटी येथे एका पुरस्कर्त्याने योजलेल्या सरावात भाग घेत होती. एका गिरकीनंतर उतरताना तिचा तोल गेला व ती पडली. पाहणाऱ्यांना हे पडणे विशेष भयंकर वाटले नाही. तिने शिरस्त्राणही घातलेले होते. तथापि काही क्षणांतच तिची हृदयक्रिया बंद पडली. घटनास्थळीच तिला कृत्रिम श्वसन व हृदयमर्दन देण्यात आले आणि हवाई मार्गाने सॉल्ट लेक सिटी येथील यूटा विद्यापीठाच्या रुग्णालयात हलविण्यात आले.

मेंदूला चार प्रमुख रोहिण्यांमधून रक्तपुरवठा होतो. त्यांपैकी दोन गळ्याच्या पुढील भागातून व दोन मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर जातात. मानेला एकाएकी हिसका बसल्यास किंवा पीळ पडल्यास मणक्यांतून जाणाऱ्या रोहिणीला इजा पोहोचू शकते. साराच्या बाबतीत अशी एक रोहिणी फाटून कवटीच्या आत तीव्र रक्तस्राव झाला होता. ११ जानेवारी रोजी शस्त्रक्रियेने ती रोहिणी दुरुस्त करण्यात आली. परंतु हृदयक्रिया बंद असताना मेंदूला रक्त व ऑक्सिजन न मिळाल्याने त्याची भरून न येणारी हानी झाली होती. १९ जानेवारी २०१२ रोजी तिचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार तिचे अवयव व ऊतके गरजू रुग्णांना दान करण्यात आली.

हा सराव राष्ट्रीय संघटनेने योजलेला नसल्यामुळे संघटनेच्या विम्याचे संरक्षण त्यास लागू होत नव्हते. रुग्णालयाच्या खर्चाचा प्रश्न निर्माण होताच तिच्या चाहत्यांनी वर्गणी गोळा केली व अल्पावधीत मोठा निधी जमला. याच चरात ३१ डिसेंबर २००९ रोजी केव्हिन पिअर्स या अमेरिकन स्नोबोर्डपटूच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. तो वाचला, पण त्याला स्पर्धात्मक खेळ सोडावा लागला. या दोन घटनांमुळे चरांच्या भिंतींची वाढती उंची, सरावाच्या वेळची वैद्यकीय सिद्धता आणि खेळाडूंचा विमा यांविषयी मोठी चर्चा झाली. शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते, मानेचे नाही, ही मर्यादाही साराच्या मृत्यूने निदर्शनास आणली. तिच्या निकटवर्तीयांनी व सहकाऱ्यांनी मात्र क्रीडाप्रकारास दोष दिला नाही. तिच्या निधनानंतर काही दिवसांतच ॲस्पेन येथे भरलेल्या एक्स गेम्समध्ये खेळाडूंनी तिला सामुदायिक आदरांजली वाहिली आणि महिलांच्या सुपरपाइपमध्ये तिची तरुण सहकारी रॉझलिंड ग्रोनवूड विजयी झाली.

सोची व त्यानंतर : सोची सामन्यांतील स्कीइंगच्या कसरतींच्या स्पर्धा काकेशस पर्वतातील रोझा खुतोर येथे झाल्या. साराच्या स्मरणार्थ शिरस्त्राणावर चिकटपट्टी लावण्याची खेळाडूंची विनंती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने, व्यक्तिगत स्मृतिचिन्हांविषयीच्या आपल्या नियमांना धरून, नाकारली. या निर्णयावर बरीच टीका झाली. कॅनडाच्या हाफपाइप संघाचा प्रशिक्षक ट्रेनन पेंटर याने साराच्या रक्षेचा काही अंश सोबत नेऊन तेथील पर्वतावर व चरात विखुरला. महिलांच्या स्लोपस्टाइलमध्ये ऑंटॅरिओतील डारा हाउएल हिने सुवर्णपदक मिळविले व ते साराला अर्पण केले.

२० फेब्रुवारी २०१४ रोजी महिलांच्या हाफपाइपची पहिली ऑलिंपिक स्पर्धा झाली. तीत अमेरिकेची मॅडी बोमन पहिली, फ्रान्सची मारी मार्तिनो दुसरी व जपानची आयाना ओनोझुका तिसरी आली. यांपैकी मार्तिनोची कथा साराच्या कार्याशी थेट निगडित आहे. २००० नंतरच्या पहिल्या दशकात ती साराची प्रतिस्पर्धी होती. पुढे तिने स्पर्धा सोडल्या व ती एका मुलीची आई झाली. हाफपाइपचा ऑलिंपिकमध्ये समावेश होणार हे दिसू लागताच साराने तिची भेट घेऊन पुन्हा खेळण्याचा आग्रह धरला. आपल्याला स्वतःला पदक मिळण्याच्या मार्गात एक समर्थ स्पर्धक वाढेल, हे माहीत असूनही तिने असे केले. स्पर्धा खरी ठरण्यासाठी तीत चांगल्या खेळाडू असल्या पाहिजेत, ही तिची भूमिका येथेही दिसते. मार्तिनोने तो आग्रह मानला, सोची येथे रौप्यपदक मिळविले आणि प्याँगचांग येथील २०१८ च्या सामन्यांत ते पुन्हा मिळविले. त्या वेळी सुवर्णपदक कॅनडाच्या कॅसी शार्पला मिळाले. बेजिंग येथील २०२२ च्या सामन्यांत चीनची आयलीन गू पहिली, शार्प दुसरी व कॅनडाचीच रेचल कार्कर तिसरी आली.

मूल्यमापन : साराच्या काळातील गिरक्या आजच्या महिला खेळाडू नित्याने घेतात आणि त्याहून अवघड कसरतीही करतात. विक्रम मागे पडणे हे कोणत्याही क्रीडाप्रकारात स्वाभाविक आहे. तिचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः तिने निर्माण करविलेल्या संधीत आहे. तिच्या आरंभीच्या वर्षांत ज्या खेळाला महिलांचा गटही नव्हता, त्यात सु. दहा वर्षांच्या अवधीत जागतिक अजिंक्यपद, एक्स गेम्स व ऑलिंपिक या तिन्ही स्तरांवर महिलांना पुरुषांच्या बरोबरीने स्थान मिळाले. हे स्थान मिळाल्याने शासकीय साहाय्य, प्रशिक्षक, वैद्यकीय पथके व विमा या सोयीही क्रमाने उपलब्ध झाल्या आणि खेळाडूची सुरक्षितता काही प्रमाणात वाढली. धोका मात्र नाहीसा झालेला नाही. उंची व गिरकी हाच ज्या खेळाचा आशय आहे, त्यातून तो पूर्णपणे काढून टाकणे शक्यही नाही. तो कोणत्या मर्यादेपर्यंत स्वीकारावयाचा आणि अपघात घडल्यास त्याचा भार कोणी वाहावयाचा, हे प्रश्न तिच्या मृत्यूने ठळकपणे पुढे आणले व ते अद्यापि चर्चेचे विषय आहेत. तिच्या नावाने स्थापन झालेले ‘सारा बर्क प्रतिष्ठान’ हिवाळी खेळांतील होतकरू युवक-युवतींना शिष्यवृत्त्या देते.